जादूगाराच्या सामर्थ्याचे मोल

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि प्रत्येक खेळाडूने एकेका पात्राची भूमिका घेऊन फाशांच्या कौलानुसार साहसकथा पुढे नेण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. तलवार चालविणारा योद्धा आणि मंत्र टाकणारा जादूगार एकाच चमूत असताना दोघांचेही महत्त्व कसे टिकवावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आरंभीचे उत्तर कठोर होते. उच्चारताच मंत्र स्मृतीतून पुसला जातो, ही जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातील कल्पना गायगॅक्स यांनी उचलली. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात नवख्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळे, चिलखत वर्ज्य असे आणि ‘हिट पॉइंट’, म्हणजे घाव सोसण्याची शक्ती, चार बाजूंच्या फाशावर ठरे, तर योद्ध्याची दहा बाजूंच्या फाशावर. मंत्र पूर्ण होण्याआधी घाव बसला, तर मंत्र वाया जाई. पात्राच्या प्रगतीची दुसरी पातळी गाठण्यासाठी योद्ध्याला सुमारे २,०००, तर जादूगाराला सुमारे २,५०० अनुभवगुण मिळवावे लागत. मात्र पाचव्या पातळीवर पोहोचलेला जादूगार ‘फायरबॉल’ या अग्निमंत्राने शत्रूंचा घोळकाच्या घोळका भाजून काढी. म्हणजे हा समतोल एका लढाईपुरता नव्हता. तो पात्राच्या साऱ्या आयुष्यावर पसरलेला होता.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने अनुभवगुणांचे कोष्टक सर्वांना एकच केले, तल्लख बुद्धीच्या जादूगाराला जादा मंत्र दिले आणि शत्रू समोर उभा असतानाही सावधपणे मंत्र टाकण्याची सोय केली. बंधने सैल झाली, सामर्थ्य मात्र कायम राहिले. त्यामुळे वरच्या पातळ्यांवर योद्धा फिका पडू लागला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने योद्धा, जादूगार अशा पात्रांच्या सर्व वर्गांना एकाच साच्यातील शक्ती देऊन ही दरी बुजवली, पण त्यात जादूचे वेगळेपण हरवल्याची तक्रार अनेकांनी केली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला: हवे तितक्या वेळा वापरता येणारे लहान मंत्र दिले, आणि एकाग्रता लागणारा मंत्र एका वेळी एकच चालविता येईल, असा निर्बंध घातला. या इतिहासातून इतके निश्चित दिसते की, जादूगाराला दुबळे करून किंवा योद्ध्याला त्याची प्रतिकृती बनवून समतोल साधत नाही; सामर्थ्याचे मोल खेळाडूला प्रत्येक निर्णयात मोजावे लागते, तेव्हाच जादूचा दराराही टिकतो आणि तलवारीचा मानही.