खोबण आपली, चिप परकी



कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यांत, वेदगंगेच्या कांठीं, मुरगूड नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथें माझे एक स्नेही राहतात. मुलांच्या शिक्षणासाठीं घरीं एक संगणक असावा, असें त्यांच्या मनांत आलें, त्याला आतां तीन दिवाळ्या लोटल्या. भेट झाली कीं ते मला विचारतात, "आज घ्यावा, कीं पुढची चिप येईपर्यंत थांबावें? आणि आज घेतलाच, तर पुढची चिप त्याच यंत्रांत बसेल ना?" हा प्रश्न मला प्रथम किरकोळ वाटे. परंतु थोडा विचार केल्यावर ध्यानांत आलें कीं, अगदीं हाच प्रश्न काहीं वर्षांपूर्वीं पुण्यांत बसून महासंगणक बांधूं पाहणाऱ्या मंडळींपुढें उभा होता, आणि त्याच्या उत्तरावर देशाचें बरेंच काहीं अवलंबून होतें. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

विषयाची ओळख करून घेण्यासाठीं आपण मुरगूडच्याच एखाद्या सुताराच्या अंगणांत जाऊं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि गाडीचा आख यांचें माप जुळावें लागतें. तुंब्याचें भोंक कणभर मोठें झालें, तर चाक डगमगतें. कणभर लहान राहिलें, तर तें आखावर चढतच नाहीं. चाक कितीहि सुबक असलें, तरी ज्या आखासाठीं तें घडविलें त्याच आखाच्या तें उपयोगी पडतें. संगणकांत तोच प्रकार आहे. यंत्राच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक चौकोनी खोबण असते. तिला सॉकेट म्हणतात. आकडेमोड करणारी चिप, म्हणजे प्रोसेसर, त्या खोबणींत बसते. चिपला शेंकडों पिना असतात. काहींतून वीज येते, काहींतून स्मृतीशीं, म्हणजे मेमरीशीं, देवघेव चालते, तर काहींतून इतर भागांना निरोप जातात. म्हणून पिनांची संख्या सारखी असणें पुरेसें नाहीं. कोणती पिन कोणत्या कामाची, हेंहि जुळावें लागतें; आणि पाटीवरील आरंभीच्या कार्यक्रमास नवी चिप ओळखतांहि आली पाहिजे.

आतां इतिहासाकडे वळूं. १९८०च्या दशकांत भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. असलें यंत्र अण्वस्त्रांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या गणितासहि उपयोगी पडेल, या शंकेनें अमेरिकन सरकारनें अधिक शक्तीचें यंत्र नाकारलें. आणि त्याहून कमी शक्तीचें यंत्र हवामानाच्या अंदाजापुरतें, तेंहि अटी घालून, दिल्लीस दिलें. हा अनुभव घेतल्यावर आपलें यंत्र आपणच बांधावें, असें सरकारनें ठरविलें. त्यासाठीं १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली. तिचीं सूत्रें डॉ. विजय भटकर यांच्या हातीं देण्यांत आलीं. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेल्या या संशोधकास कामासाठीं मुदत मिळाली तीन वर्षांची.

क्रेच्या यंत्रांत मोजकेच, पण अत्यंत वेगवान प्रोसेसर असत. तसा प्रोसेसर बनविण्याची सोय आपल्याकडे नव्हती. तेव्हां पुण्याच्या मंडळींनीं निराळी वाट धरली. उसाचा मोठा फड एकटा पहिलवान तोडूं शकत नाहीं, पण टोळी लावली तर तो दिवसांत संपतो. त्याच न्यायानें बाजारांत विकत मिळणाऱ्या लहान चिपांची टोळी एका कामास लावावयाची, असें ठरलें. त्यासाठीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर निवडण्यांत आला. या चिपचें वैशिष्ट्य असें कीं, इतर चिपांशीं बोलण्यासाठीं तिच्या अंगींच चार दुवे होते. त्यामुळें प्रत्येक चिप चार शेजाऱ्यांना जोडून हवें तेवढें मोठें जाळें विणतां येई.

या कंपनीनें खोबणीच्या बाबतींत एक दूरदृष्टीची गोष्ट केली होती. तिची टी-४१४ ही चिप १९८५ सालची. तिच्यांत अपूर्णांकांचें गणित करणारा वेगळा विभाग नव्हता. १९८७ सालीं आलेल्या टी-८०० मध्यें तो होता. तरीहि नवी चिप जुन्या चिपच्याच खोबणींत बसत असे. कारण नव्या चिपला ज्या जादा पिना लागणार होत्या, त्या जुन्या चिपच्या वेळींच जमिनीस जोडून मोकळ्या ठेवलेल्या होत्या. सुतारानें पुढच्या चाकाचा विचार करून आजचा आख घडवावा, तसाच हा प्रकार झाला. याच टी-८०० चिपा घेऊन पुण्याचा 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ सालीं तयार झाला. संस्थेला दिलेली तीन वर्षांची मुदत पाळली गेली. नकारानें सुरू झालेल्या गोष्टीचा हा पहिला अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि त्याचें कौतुक योग्यच आहे.

दुसऱ्या अध्यायाची वाच्यता मात्र फारशी होत नाहीं. त्याच १९९१ सालीं इन्मॉसनें टी-९००० या पुढच्या चिपची घोषणा केली. ती टी-८०० च्या सुमारें दसपट वेगवान असेल, असें सांगण्यांत आलें. जगभरचे जे लोक ट्रान्सप्युटरवर विसंबून होते, ते तिची वाट पाहूं लागले. पण चिप वेळेवर आली नाहीं. रचना गुंतागुंतीची, दोष निघत राहिले, तारखा पुढें ढकलल्या गेल्या. दोन-तीन वर्षांनीं ती हातीं आली तेव्हां तिचा वेग ठरल्याच्या निम्माहि भरला नाहीं. शिवाय तिचे दुवे नव्या पद्धतीचे असल्यामुळें ते जुन्या दुव्यांशीं सरळ जुळत नव्हते. इतक्या अवधींत इतर कंपन्यांच्या चिपा केव्हांच पुढें निघून गेल्या होत्या, आणि थोड्याच काळांत ट्रान्सप्युटरचा वंश खुंटला.

आतां कल्पना करा कीं, पुण्याचें सारें काम त्या एका तारखेला बांधलेलें असतें, तर काय झालें असतें? सुदैवानें तसें झालें नाहीं. 'परम ८०००' च्या पाठोपाठ आलेल्या 'परम ८६००' मध्यें गणिताचें काम इंटेल कंपनीच्या आय-८६० या चिपकडे गेलें आणि ट्रान्सप्युटरांकडे निरोप्यांचें काम राहिलें. १९९४ सालच्या 'परम ९०००' मध्यें तर विचाराचा पायाच बदलला. चिपा बसविण्याचे भाग वेगळे आणि त्यांना जोडणारें जाळें वेगळें, अशी त्याची मांडणी केली गेली. परिणाम असा झाला कीं, तेंच यंत्र सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा अशा तीन जातींच्या चिपांसह निघूं शकलें. पुढें १९९८ सालच्या 'परम १००००' मध्यें अल्ट्रास्पार्क, २००३ च्या 'परम पद्म' मध्यें आयबीएमची पॉवर-४, आणि २००८ च्या 'परम युवा' मध्यें इंटेलची चार कोअरांची झिऑन, अशी चिपांची घराणीं बदलत गेलीं. परमची परंपरा मात्र खंडित झाली नाहीं.

हें शक्य होण्याचें आणखी एक कारण आहे. कार्यक्रमांचीहि एक खोबण असते. एका चिपच्या खास भाषेंत लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्या चिपवर चालत नाहीं. परंतु १९९४ सालीं अनेक प्रोसेसरांनीं एकमेकांस निरोप कसे द्यावेत, याचा एमपीआय नांवाचा सर्वमान्य संकेत ठरला. त्या संकेतानें लिहिलेलें हवामानाचें गणित उद्यां चिप बदलली तरी थोड्या कष्टांनीं पुन्हां चालूं लागतें. वर्षानुवर्षें खपून लिहिलेलें गणित टाकून देण्याची पाळी येत नाहीं.

खोबणीचें महत्त्व किती, याचा दुसरा दाखला पुण्यांतच जन्मलेल्या एका गृहस्थाच्या चरित्रांत सांपडतो. विनोद धाम यांचा जन्म १९५० सालचा. इंटेलची पेंटियम ही प्रसिद्ध चिप १९९३ सालीं आली, तिच्या घडणींत त्यांचा मोठा वांटा होता. १९९५ सालीं ते नेक्सजेन या लहानशा कंपनींत गेले. या कंपनीची चिप गुणांनीं चांगली होती. परंतु तिला स्वतःची निराळी पाटी लागे. सर्वांच्या घरीं असलेल्या पाटींत ती बसत नसे, आणि त्यामुळें तिचा खप होईना. पुढच्याच वर्षीं एएमडी कंपनीनें नेक्सजेन विकत घेतली. नेक्सजेनच्या पुढच्या चिपची रचना बदलून ती पेंटियमच्याच 'सॉकेट ७' या खोबणींत बसेल अशी करण्यांत आली. के-६ या नांवानें १९९७ च्या एप्रिलांत ती बाजारांत आली आणि लोकांनीं ती उचलली. इंटेलनें मात्र त्याच सुमारास पेंटियम-२ साठीं जुनी खोबण सोडून नवी लांबट फट पुढें आणली. एकाच वर्षीं एकानें जुनें दार उघडें ठेवलें, दुसऱ्यानें नवें दार बांधलें.

कंपन्या खोबणी बदलतात त्या केवळ लोभापायीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पूर्वीं मेमरीशीं बोलणारा भाग पाटीवर असे. तो एएमडीनें २००३ सालीं आणि इंटेलनें २००८ सालीं चिपच्या पोटांत घेतला. त्यामुळें वेग वाढला. परंतु मेमरीची जात बदलली कीं खोबणहि बदलणें ओघानें आलें. शिवाय एका चिपवर अनेक कोअर बसविण्याचा काळ आल्यावर विजेची मागणी वाढली. २००५ सालीं घरगुती वापराच्या दोन कोअरांच्या चिपा आल्या. त्या वेळीं एएमडीची चिप आरंभीचा कार्यक्रम नवा केल्यावर जुन्या पाटींत चाले. इंटेलच्या चिपला मात्र, खोबण तीच असूनहि, नवी पाटी लागे. पुढील वर्षीं फांसा उलटा पडला. इंटेलची चार कोअरांची झिऑन दोन कोअरांच्याच खोबणींत बसणारी निघाली. तिच्याच जोरावर टाटांच्या पुण्यांतील 'एका' या महासंगणकानें २००७ च्या नोव्हेंबरांत जगांत चौथा क्रमांक मिळविला.

पुढेंहि हा लपंडाव चालूच राहिला. इंटेलच्या २०१५ सालच्या आणि २०१७ सालच्या चिपांना जोडबिंदु सारखेच, ११५१; पण सहा कोअरांची नवी चिप जुन्या पाटींत चालत नसे. उलट एएमडीच्या एएम-४ या एकाच खोबणींत २०१७ सालीं आठ, तर २०१९ सालीं सोळा कोअरांची चिप बसली. २०२० च्या मे महिन्यांत त्याच कंपनीनें, पुढची चिप कांहीं जुन्या पाट्यांवर चालणार नाहीं, असें जाहीर केलें. गिऱ्हाइकांनीं ओरड केली आणि थोड्याच दिवसांत कंपनीनें आपला शब्द फिरविला. अडचण केवळ यंत्राची असती, तर ती ओरडण्यानें सुटली नसती. म्हणजे या प्रकरणांत निसर्गनियम किती आणि दुकानदारी किती, हें ग्राहकानें प्रत्येक वेळीं तपासून पाहिलें पाहिजे.

आतां देशाच्या प्रश्नाकडे परत येऊं. २०२४ च्या सप्टेंबरांत पुणें, दिल्ली व कलकत्ता येथें 'परम रुद्र' नांवाचे तीन महासंगणक राष्ट्रास अर्पण करण्यांत आले. पुण्याचें यंत्र खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठीं आहे. यांतील 'रुद्र' नांवाची पाटी सी-डॅकनें स्वतः आंखलेली आहे. ही गोष्ट लहान नाहीं. खोबण ज्या पाटीवर बसते, ती आपली झाली. पण खोबणींत बसणारी चिप अजून इंटेलचीच आहे. ज्याची चिप, त्याच्या हातीं तारीख. आणि नकार देण्याची सत्ताहि त्याच्याच हातीं. १९८०च्या दशकांत तो नकार आपण एकदां ऐकलेला आहे. म्हणून सी-डॅकनें 'औम' नांवाचा ९६ कोअरांचा स्वतःचा प्रोसेसर घडविण्याचा संकल्प जाहीर केला, त्याचें स्वागत केलें पाहिजे. मात्र टी-९००० चा धडा आपल्याच चिपलाहि लागू आहे. परकीयांच्या वायद्यावर विसंबूं नये, हें जितकें खरें, तितकेंच स्वकीयांच्या वायद्यावर इतर सर्व कामें टांगून ठेवूं नयेत, हेंहि खरें. आपली चिप येईपर्यंत दुसऱ्याची चालावी, आणि आल्या दिवशीं आपली बसावी, अशी मांडणी आधींच करून ठेवणें यांतच शहाणपण आहे. परम ९००० च्या कर्त्यांनीं तेंच केलें.

मुरगूडच्या स्नेह्यांना मीं परवां याच इतिहासाच्या आधारें उत्तर दिलें. ज्या चिपची नुसती घोषणा झाली आहे, तिच्यासाठीं थांबूं नका. आज जें पुरेसें आहे तें घ्या. घेतांना दोन गोष्टी मात्र विचारा : ही खोबण नव्यानें सुरू झाली आहे कीं तिचे दिवस भरत आले आहेत, आणि हिला लागणारी मेमरी पुढेंहि मिळत राहील काय? त्यांनीं तें ऐकून घेतलें आणि मुलीकडे पाहून हंसले. ती तीन वर्षांपूर्वीं सातवींत होती. यंदां ती दहावीला बसणार आहे. चिप पुढच्या वर्षीं आणखी चांगली मिळेल, यांत शंका नाहीं. पण मुलीचें सातवीचें वर्ष कांहीं परत मिळणार नाहीं.