क्यूबिटाची कुळकथा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडाचा रस व्हावयास दीड हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. संगणनाचें नवें बीज मात्र पराकाष्ठेच्या थंडींतच जगतें.

जुनें बीज 'बिट' होय. हा शब्द क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं रूढ केला. बिट म्हणजे शून्य किंवा एक. दिवा विझलेला किंवा पेटलेला. १९९५ सालीं बेंजामिन शूमाकर यांनीं 'क्यूबिट' हें नांव योजिलें. क्यूबिट शून्य व एक यांच्या संमिश्र अवस्थेंत राहूं शकतो. मोजतांच मात्र एकच उत्तर हातीं येतें. किंचित् उष्णतेनेंहि ती अवस्था मोडते. म्हणून अतिसंवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या एकदोन शतांशांवर ठेवावे लागतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक चालूं झाला. पण १९६४ सालीं तेथेंच परदेशी यंत्र आणावें लागलें. त्याच संस्थेंत घडविलेल्या सहा क्यूबिटांच्या यंत्राची चांचणी २०२४ च्या ऑगस्टांत पुरी झाली. त्याचीं नियंत्रणाचीं उपकरणें पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेनें जुळविलीं. अमेरिकेंत तत्पूर्वींच हजारावर क्यूबिट एका चकतीवर बसले होते. सहा हा आंकडा लहान खरा. परंतु टिफ्रॅकची कथा पुन्हा घडूं द्यावयाची नसेल, तर ही विद्या येथेंच वाढविली पाहिजे.