फायरमन केव्हा गेला?



वैशाखातल्या उन्हाची धग अजून भिंतींतून निघाली नसताना आपण मंडळी व्याख्यान ऐकण्यासाठी घराबाहेर पडता, ही आपल्या गावाला भूषणावह अशी गोष्ट आहे. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटापाशी आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा एका कामगार कार्यकर्त्याने आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींचा अर्थ लावण्याचा केलेला हा प्रयत्न आहे, असे समजून तो गोड मानून घ्यावा.

प्रारंभीच आपणाला एक प्रश्न विचारतो. आपल्या गावातून फायरमन कोणत्या दिवशी गेला? येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे वडील नाही तर आजोबा फायरमन होते. माझेही वडील होते. पण तो दिवस कोणालाच सांगता येणार नाही. १९७४ चा संप केव्हा सुरू झाला हे आपण झोपेतही सांगू: ८ मे. तो केव्हा मागे घेतला गेला हेही सांगू: २७ मे. त्या वीस दिवसांच्या आठवणी घरोघरी आहेत. परंतु ज्या घटनेने या गावाचा संसार मुळापासून बदलला, तिला तारीखच नाही. जिला तारीख नाही तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, तिची पुण्यतिथी होत नाही आणि इतिहासाच्या पुस्तकात तिच्यासाठी एक ओळही राखलेली नसते. आजचा माझा विषय हाच आहे.

हे आपल्याच बाबतीत प्रथम घडले असे मात्र नाही. आगगाडी येण्यापूर्वी भुसावळ हे एक खेडे होते. खानदेशातला माल तेव्हा बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जात असे. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन घाटाखाली व घाटावर फिरत. शेकडो बैलांचा एकेक तांडा, त्याचा नाईक, त्याच्या ठरलेल्या वाटा आणि ठरलेले मुक्काम असे ते एक चालते राज्यच होते. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशाच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. तो कापूस मुंबई बंदराकडे ओढून नेण्यासाठी जी. आय. पी. रेल्वेचे रूळ घाट चढून तापीच्या खोऱ्यात उतरले. १८६७ साली भुसावळहून निघालेला फाटा नागपूरला पोहोचला. १८७० साली दुसरी वाट जबलपूरपर्यंत जाऊन कलकत्त्याच्या मार्गाला मिळाली. दोन वाटा जेथे फुटतात तेथे गाव वसते, त्याप्रमाणे आपले जंक्शन वसले.

त्या लमाणांना कोणी हुकूम काढून बंद केले नव्हते. सडका झाल्या, बैलगाड्या वाढल्या, पाठोपाठ रूळ आले. आणि एका वर्षी तांड्याला भाडे थोडे कमी मिळाले, पुढल्या वर्षी आणखी कमी. १८८० साली सरकारने खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर छापले, तोवर हा धंदा बसल्याची नोंद करण्यापलीकडे काही उरले नव्हते. ज्या बदलाने आपले गाव उभे केले, त्याच बदलाने दुसऱ्या कोणाची वाट मोडली, ही गोष्ट आपण भुसावळकरांनी विसरता कामा नये.

आता आगगाडीने येथे काय निर्माण केले ते पाहू. तिने लोकोशेड, यार्ड, क्वार्टर्स, बाजार हे सर्व निर्माण केलेच. पण माझ्या मते तिने निर्माण केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एक शिडी. जेमतेम लिहितावाचता येणारा मुलगा लोकोशेडमध्ये क्लीनर म्हणून लागत असे. इंजिनाची काजळी पुसता पुसता तो दुसरा फायरमन होई, मग पहिला फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजरचा. आणि नशीब व प्रकृती धड राहिली तर केस पिकताना मेलगाडीचा. विद्या कामावरच मिळे. शिकवणारा ड्रायव्हर शिव्या देई, पण शिकवी. खेड्यातला भूमिहीन मुलगा तीस वर्षांत मेलगाडी हाकू शकतो, अशी दुसरी शिडी त्या काळी खानदेशात नव्हती.

ही शिडी सर्वांना सारखी खुली होती असे मात्र कोणी समजू नये. १२ फेब्रुवारी १९३८ रोजी आपल्याच मार्गावरील मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अस्पृश्य कामगार बव्हंशी गँगमन म्हणूनच का राहतो, त्याला साधा पोर्टरसुद्धा का होता येत नाही, याचे कारण त्यांनी तेथे उघड केले. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, म्हणून अस्पृश्याला ती जागा नको, असा तो व्यवहार होता. भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. मनमाडची ती शिकवण माझ्या पिढीच्या कार्यकर्त्यांना फार उशिरा कळली. शिडी असणे पुरेसे नाही, तिच्या पहिल्या पायरीशी कोण उभा राहू शकतो हेही पाहावे लागते. हा मुद्दा ध्यानात ठेवा. मी शेवटी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

फायरमनचे काम कसे होते ते तरुण मंडळींसाठी सांगतो. बाहेर पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, पुढ्यात उघडी भट्टी, हातात फावडे. एका फेरीत टनांनी कोळसा भट्टीत जाई, आणि तो नुसता फेकून चालत नसे. भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात विस्तव पातळ झाला आहे हे ओळखून नेमका तेथे टाकावा लागे. चढ येण्यापूर्वी वाफ तयार हवी, आणि बॉयलरमधल्या पाण्याची पातळी कधीही खाली जाता कामा नये. वडील घरी येत तेव्हा डोळ्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या दिसत. हे काम पुन्हा यावे असे ज्याला वाटते त्याने ते केलेले नाही, असे खुशाल समजावे. तेव्हा मी गेलेल्या दिवसांसाठी रडायला उभा राहिलेलो नाही.

ते काम गेले कसे? १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ या मार्गावर २५,००० व्होल्टची तार आली. पूर्वेला नागपूरकडे आणि उत्तरेला इटारसीकडे तीच तार पुढे जाण्यास आणखी वीसेक वर्षे लागली. म्हणजे एकाच स्टेशनात एका फलाटावर विजेचे इंजिन, दुसऱ्यावर डिझेलचे आणि तिसऱ्यावर वाफेचे, असे दृश्य मी लहानपणी पाहिले आहे. तीन युगे शेजारी शेजारी उभी होती आणि आम्हाला त्यात नवल वाटत नव्हते. नव्या इंजिनावर ड्रायव्हर आणि त्याचा एक सहायक असे दोघेच. जुने फायरमन कोणी शिकून सहायक झाले, कोणी दुसऱ्या खात्यात गेले, कोणी निवृत्त झाले. क्लीनरची नवी भरती थांबली. शिडी कोणी पाडली नाही. तिच्या खालच्या पायऱ्या तेवढ्या एकेक करून निघाल्या.

आणि कोळसा? तो गेला असे आपण म्हणतो, पण तो गेलेला नाही. १९६८ साली दीपनगरला वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. आजही कोळशाच्या वाघिणी येतात, फक्त विस्तव इंजिनातून निघून केंद्रात गेला आहे. धूर आमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर दिसत होता. आता तो उंच धुराड्यातून निघतो आणि त्याची राख आसपासच्या गावांच्या शेतांवर व अंगणांवर बसते. तंत्र बदलले की कष्ट आणि घाण नाहीशी होतातच असे नाही. पुष्कळदा ती डोळ्यांआड होतात.

यार्डाची कथाही अशीच आहे. पूर्वी निरनिराळ्या गावांच्या वाघिणी एका गाडीत येत. त्या येथे सोडवून, निवडून, पुन्हा जोडून नव्या गाड्या बांधल्या जात. त्यासाठी शंटर, पॉइंट्समन, वाघिणी जोडणारे, क्रमांक टिपणारे असे माणसांचे मोहोळ रात्रंदिवस राबत असे. १९८० नंतर रेल्वेने धोरण बदलले. एकाच मालाची पूर्ण गाडी एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर भर आला. वाघीण सोडवायचीच नाही म्हटल्यावर सोडवणारा कशाला? लहान व्यापाऱ्याची एक-दोन वाघिणींची मागणी रेल्वेला नकोशी झाली आणि तो माल ट्रककडे वळला. रावेर-सावद्याच्या केळीच्या खास गाड्या दिल्लीकडे सुटत, त्या केळीचाही मोठा हिस्सा आज रस्त्याने जातो. कंदील आणि वही घेऊन रात्री-बेरात्री दार ठोठावणारा कॉलमन गेला, त्याच्या जागी भ्रमणध्वनी आला. दार वाजले की सारी आळी जागी होई आणि कोण कामावर निघाला हे सर्वांना कळे. आता शेजाऱ्यालाही कळत नाही.

सगळ्या देशाचा हिशेब पाहा. १९९०-९१ साली भारतीय रेल्वेत सुमारे साडेसोळा लाख माणसे होती आणि वर्षाला सुमारे ३२ कोटी टन माल वाहिला जात होता. २०१९-२० साली माल सुमारे १२० कोटी टन झाला आणि माणसे साडेबारा लाखांच्या आसपास उरली. काम जवळजवळ चौपट वाढले आणि चार लाख जागा गेल्या. या चार लाखांसाठी १९७४ सारखा एकही संप झाला नाही.

का झाला नाही, याचे उत्तर देताना मला माझ्यावरच बोट ठेवावे लागेल. मी नवखा कार्यकर्ता असताना एका कचेरीत जागा कमी करण्याची बोलणी चालली होती. वरिष्ठांनी सांगितले की, एकाही माणसाची नोकरी जाणार नाही. जादा ठरलेल्यांना दुसरीकडे सामावून घेऊ, पगारही राखू. फक्त जागा ‘सरेंडर’ होतील. आम्ही एकेका माणसासाठी भांडलो. कोणाला दूर टाकू नका, कोणाची ज्येष्ठता बुडवू नका, असा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. बाहेर येऊन आम्ही पेढे वाटले. तेव्हा एक निवृत्त ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणत असू, पेढा हातात धरून म्हणाले, “माणूस वाचवलात, चांगले केलेत बेटा. पण जागा कोणाची होती? त्याची तर नव्हती. त्याच्या मागून येणाराची होती.” मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला. पुढे पाच-सहा वर्षांनी ज्यांच्यासाठी आम्ही भांडलो होतो त्यांच्यापैकीच एकजण आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, याला कोठेतरी चिकटवा.” मुलगा धडधाकट, होतकरू, नववी नापास. त्याच्या बापाच्या वेळी अशा मुलासाठी जागा होती. ती आम्ही पेढे वाटून देऊन टाकली होती.

मग आम्ही काय करायला हवे होते? तार येऊ द्यायची नव्हती की काय? तसे मी म्हणत नाही. अमेरिकेत डिझेल इंजिनावर फायरमन हवा की नको हा तंटा वर्षानुवर्षे चालला; अखेर १९६३ साली तेथल्या संसदेने कायदा करून तो सक्तीच्या लवादाकडे दिला आणि बहुतेक जागा हळूहळू गेल्याच. विस्तव नसलेल्या इंजिनावर विस्तव राखणारा फार काळ टिकत नाही. परंतु आम्हाला एक मागता आले असते. खालची पायरी काढता तर तिच्या जागी दुसरी पायरी द्या. जे शिक्षण पूर्वी इंजिनावर फुकट मिळत होते, ते आता जेथे मिळते तेथवर कामगाराच्या मुलाला पोहोचवा. आज सहायक लोको पायलट होण्यासाठी आय. टी. आय. किंवा पदविका लागते आणि देशभरच्या परीक्षेत लाखो मुलांशी स्पर्धा करावी लागते. मनमाडला पहिल्या पायरीशी जात आडवी उभी होती. आज तेथे शिकवणीची फी उभी आहे, आणि पुष्कळ घरांत दोन्ही उभ्या आहेत. डबे पुसण्याचे काम मात्र अजून आहे. ते ठेकेदाराकडे आहे. तेथे लागलेला मुलगा ड्रायव्हर होत नाही. तो पुसणाराच राहतो, आणि ठेका बदलला की तेही राहत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९७४ चा संप मोडला, हजारो लोक तुरुंगात गेले, तरी ज्या बोनससाठी भांडलो तो पाच वर्षांनी, १९७९ साली, फारसा गाजावाजा न होता रेल्वे कामगाराला मिळाला. गाजलेला पराजय आतून रुजत राहिला होता. म्हणजे मूकपणे येते ते सगळे वाईटच असते असे नाही. पण जे मूकपणे येते ते मोजण्याची सवय आपल्याला नाही.

म्हणून माझी आपणाला विनंती आहे. आम्ही युनियनवाले काढलेला हुकूम वाचायला शिकलो. न भरलेली जागा वाचायला शिकलो नाही. ते आता सर्वांनी मिळून करायचे आहे. आपल्या शाळेत, नगरपालिकेत, कारखान्यात, रेल्वेत, बँकेत गेल्या वर्षी किती खुर्च्या होत्या आणि यंदा किती आहेत, हे दर वसंतात विचारा आणि लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते काय काम करीत होते, कोणाकडून शिकले, त्यांच्या मागून त्या जागेवर कोण आले, हे विचारा. मी हे माझ्या वडिलांना विचारले नाही. विचारावेसे वाटले तेव्हा ते राहिले नव्हते. फायरमन केव्हा गेला हे आपल्याला सांगता आले नाही. आज जो जात आहे, त्याची तारीख तरी आपल्या वहीत असू द्या. तारीख असली तर बोलणीच्या टेबलावर काहीतरी मागता येते.