फूटबोर्डवर उभं पोरगं: हेल्मेट लहान डोक्यापर्यंत पोचायला इतका उशीर का झाला?

आधी एक विनंती. हा भाग गाडी चालवताना ऐकत असाल तर आत्ता बंद करा, घरी पोचून ऐका. विषयच तसा आहे.

सकाळी शाळेच्या वेळेला आपल्या नागपुरातल्या कुठल्याही सिग्नलवर उभे राहा. स्कूटीवर बाबा, डोक्यावर हेल्मेट. समोर फूटबोर्डवर, आरशाच्या दांडीला धरून उभं चार-पाच वर्षांचं पोरगं. त्याचं डोकं उघडं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जवळच तर जायचं आहे नं भाऊ!" मला हे दृश्य फार छळतं. त्या गाडीवरचं सगळ्यात नाजूक डोकं त्या पोराचं, आणि हेल्मेट त्यालाच नाही. मग मी हेल्मेटचा इतिहास वाचायला घेतला. तिथेही हेच: मोठ्यांचं डोकं आधी, पोरांचं मागून.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, 13 मे 1935 ला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून घरी चालला होता. रस्त्याच्या चढउतारामुळे पुढे सायकलवर चाललेली दोन मुलं त्याला उशिरा दिसली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी, 19 मे ला, तो गेला. वय 46. मुलं वाचली.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं, निरोप पोचवणारे सैनिक मोटारसायकलवरून पडून मरायला लागले, तेव्हा केर्न्स यांनी अशा केसेस नीट गोळा केल्या. 1941 मध्ये त्यांचा लेख छापून आला: मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याची दुखापत आणि हेल्मेटचं महत्त्व. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या सैनिकांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश माणसाला सक्ती व्हायला मात्र 1973 उजाडलं. म्हणजे पुरावा हातात असूनही तीस वर्षं! हेल्मेटवरून कुरकुर फक्त आपल्याकडेच होते असं समजू नका.

पण हे सगळं मोठ्या माणसाच्या डोक्याचं झालं. पोराचं डोकं म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती नव्हे. जन्मलेल्या बाळाच्या एकूण लांबीचा साधारण चौथा हिस्सा डोकंच असतं, मोठ्या माणसात आठवा. वरचा भाग जड आणि मान कच्ची, म्हणून लहान मूल पडतं तेव्हा बरेचदा डोक्यावरच पडतं. कवटी पातळ असते. तान्ह्या बाळाची टाळू तर उघडीच असते. आजी टाळूवर तेल घालताना हात किती हलका ठेवते, आठवा. आजीला जे कळत होतं ते सायन्सला स्वतंत्रपणे तपासायला वेळ लागला.

उदाहरण देतो. 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी शुद्ध मोजायची एक पट्टी काढली. डोळे उघडतो का, बोलतो काय, हातपाय हलवतो कसा, यावर 3 ते 15 गुण. आज जगभरात ती वापरतात. फक्त एक अडचण: 'आज कोणता वार आहे' हे आठ महिन्यांच्या बाळाला कसं विचारणार? म्हणून बाळांसाठी पट्टी नंतर बदलावी लागली. नीट शब्द बोलण्याच्या जागी हुंकार, बोबडे आवाज आणि रडणं आलं.

सीटी स्कॅनचंही तसंच. 1971 मध्ये लंडनला पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि कवटी न उघडता आतला रक्तस्राव दिसायला लागला. जादूच ती! मग पडलेल्या प्रत्येक पोराचा स्कॅन काढायचा मोह झाला. पण त्यात किरणं असतात, आणि वाढत्या शरीराला त्यांचा त्रास जास्त. कोणाला स्कॅन लागतो आणि कोणाला नाही, यावर 2009 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. 42,412 मुलं तपासली होती. मेंदूला गंभीर इजा शंभरात एकाहूनही कमी मुलांना निघाली. दोन वर्षांखालच्यांचे निकष त्यात वेगळे काढले. दोन वर्षांखालचं बाळ तीन फुटांवरून पडलं तरी ती उंची जास्त धरतात. तीन फूट म्हणजे साधारण आपला ओटा. मोठ्या मुलांना ही मर्यादा पाच फूट. संक्रांतीला स्लॅबवर पतंग उडवणारी पोरं त्याच्या कितीतरी वर असतात, हे जाता जाता.

आता आपला कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 129 म्हणजे हेल्मेटचं कलम. 2019 च्या दुरुस्तीत त्यात स्पष्ट लिहिलं गेलं: चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट. म्हणजे पाच वर्षांचं फूटबोर्डवालं पोरगं कायद्यात बसतं, बाबांना माहीत असो वा नसो. चार वर्षांखालच्यांसाठी वेगळे नियम यायला फेब्रुवारी 2022 लागलं, आणि ते लागू व्हायला आणखी एक वर्ष. त्यात काय आहे? मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट, सायकलचं असलं तरी चालेल. आणि गाडीचा वेग 40 च्या आत. नागपुरात असा पट्टा बांधलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय का?

मे महिन्यात 45 डिग्रीला हेल्मेट नको वाटतं, हे मलाही मान्य. पण ऊन चुकवायला आपण पोराच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळतोच नं? म्हणजे डोकं झाकायची सवय आहे, वस्तू चुकीची आहे.

शेवटी कामाचं तेवढं. पोरगं डोक्यावर पडलं, लगेच रडलं, मग खेळायला लागलं, की घरचे म्हणतात "काही नाही झालं." बहुतेक वेळा खरंच काही झालेलं नसतं. पण कधीकधी आत रक्त हळूहळू साचतं आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. पुन्हा पुन्हा उलटी, न उठणारी झोप, झटका, वागण्यात फरक, नाकाकानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मेडिकल, मेयो, एम्स, जे जवळ पडेल तिथे रात्रीच न्या, आणि डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की सांगा: किती उंचीवरून पडलं आणि किती वाजता.