खगोलछायाचित्रण : अनेक रात्रींच्या प्रतिमांचे कॅलिब्रेशन

एकाच तेजोमेघाच्या किंवा दीर्घिकेच्या वेगवेगळ्या रात्री घेतलेल्या प्रतिमांमधून कॅमेऱ्याचे व दुर्बिणीचे दोष काढून त्या सगळ्या एका मापावर आणण्याची प्रक्रिया. आकाशाच्या प्रत्येक फ्रेममध्ये (हौशी मंडळी तिला ‘लाइट’ म्हणतात) ताऱ्यांच्या प्रकाशाबरोबर कॅमेऱ्याने स्वतः घातलेली भर असते आणि दुर्बिणीने केलेली घटही असते. भर वजा करायची आणि घट भागाकाराने भरून काढायची, एवढेच कॅलिब्रेशनचे गणित. एका रात्रीच्या कामात ते सरळ पार पडते. रात्री अनेक झाल्या की कॅमेऱ्याची भर बहुधा तीच राहते, पण दुर्बिणीची घट रात्रीगणिक बदलते. या विषयातली बहुतेक गुंतागुंत आणि बहुतेक चुका इथूनच येतात.

अनेक रात्रींची गरज : सिग्नल (वस्तूचा प्रकाश) आणि नॉइझ (त्यातले अनियमित चढउतार) यांचे गुणोत्तर फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चित्र दुप्पट स्वच्छ हवे तर वेळ चौपट. दोन रात्रींचे काम आठ रात्रींवर जाते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेले, उरलेल्या महिन्यांत पूर्ण अंधार अमावास्येच्या आसपासच, आणि त्यातही वस्तू पुरेशी उंच असते ती काही तासच. त्यामुळे मृगातला तेजोमेघ नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या चार अमावास्यांत विभागून टिपणे, किंवा अर्धे काम पुढच्या हंगामावर टाकणे, ही इथली नेहमीची रीत आहे.

डार्क आणि बायस : दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला झाकण लावून, लाइटइतक्याच एक्स्पोजरने, त्याच तापमानाला आणि कॅमेऱ्याच्या त्याच गेन-ऑफसेट मांडणीला घेतलेली फ्रेम म्हणजे डार्क. उष्णतेने सेन्सरमध्ये सुटणारे इलेक्ट्रॉन, ठरावीक जागचे हॉट पिक्सेल आणि काही सेन्सरांत कडेकडून पसरणारा अँप-ग्लो तिच्यात जसाच्या तसा उतरतो. कमीत कमी एक्स्पोजरची डार्क म्हणजे बायस. पिक्सेल वाचताना कॅमेरा जी आधारसंख्या जोडतो ती तिच्यात दिसते. डार्कमध्ये बायस आधीच असतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे वजा केले तर आधारसंख्या दोनदा जाते. अँप-ग्लो असलेल्या सेन्सरांत ३०० सेकंदांची डार्क गुणून-भागून १८० सेकंदांच्या लाइटला लावू नये. ग्लो वेळेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही आणि कोपऱ्यात उरतोच.

सेन्सरचे तापमान ६ ते ७ अंश सेल्सियसने वाढले की डार्क करंट साधारण दुप्पट होतो. थंड करता येणाऱ्या कॅमेऱ्यात तापमान ठरवून देता येत असल्याने एकदा घेतलेल्या डार्क अनेक महिने वापरता येतात. अशा संचाला डार्क लायब्ररी म्हणतात. मात्र असा कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा ३० ते ३५ अंशच खाली जातो. पुण्या-नाशिककडे जानेवारीच्या रात्री उणे १० अंश सहज मिळतात. एप्रिलअखेर बाहेर २६ अंश असताना तेच तापमान मागितले तर कूलर पूर्ण ताकदीने चालूनही आकडा हलत राहतो, आणि जानेवारीतली डार्क त्या लाइटना जुळत नाही. म्हणून अनेक महिन्यांच्या कामाला उन्हाळ्यातही टिकेल असे एकच तापमान, समजा शून्य अंश, आधी ठरवून घ्यावे. आजच्या सेन्सरांत उणे १० आणि शून्य यांतला फरक चित्रात क्वचितच जाणवतो. न जुळणारी डार्क मात्र लगेच डोळ्यांत भरते. लायब्ररी बनवायला पावसाळ्यासारखा काळ नाही. कॅमेरा तसाही कपाटात पडून असतो. फक्त कॅमेऱ्यातली ओलावा शोषणारी सिलिका जेल ताजी असावी, नाहीतर दमट हवेत थंड केलेल्या सेन्सरच्या काचेवर दव धरते.

डीएसएलआर कॅमेऱ्यात ही सोय नाही. रात्र सरता सरता सेन्सर थंड होत जातो, म्हणून त्याच रात्री, त्याच जागी, कॅमेरा उघड्यावर ठेवून डार्क घ्याव्या लागतात. घरी परतल्यावर खोलीत घेतलेली डार्क कामाची नसते.

किती डार्क घ्याव्यात हा प्रश्न अनेक रात्रींच्या कामात वेगळे वळण घेतो. सगळ्या डार्कची सरासरी काढून बनवलेल्या मास्टर डार्कमध्येही थोडा नॉइझ उरतो, आणि तीच मास्टर प्रत्येक लाइटमधून वजा होत असल्याने तो नॉइझ प्रत्येक फ्रेममध्ये त्याच पिक्सेलवर जाऊन बसतो. लाइट कितीही वाढवल्या तरी तो सरासरीने विरत नाही. समजा २०० लाइट आणि २० डार्क आहेत. फक्त कॅमेऱ्याच्या नॉइझचा विचार केला तर लाइटचा वाटा १/२०० आणि मास्टरचा १/२०, म्हणजे दसपट. आकाशाची उजळी जास्त असेल तर हे झाकले जाते. अंधाऱ्या जागी अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावून काम करणाऱ्याला ते जाणवते. यावर दोन उपाय आहेत. डार्कची संख्या वाढवावी, आणि दर काही फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवावी, म्हणजे डिदरिंग करावे. डिदरिंगमुळे तोच सेन्सर-पिक्सेल प्रत्येक वेळी वेगळ्या आकाशबिंदूवर पडतो आणि साचलेला नॉइझ विखुरतो. डार्क चोख असली तरी डिदरिंग वगळू नये.

फ्लॅट : एकसारख्या उजळ पृष्ठभागाची फ्रेम म्हणजे फ्लॅट. पहाटेच्या आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीच्या तोंडावर ताणलेला पांढरा सुती कपडा किंवा एलईडी पॅनल त्यासाठी पुरते. कोपऱ्यांकडे कमी होत जाणारा प्रकाश, धुळीच्या सावल्या आणि पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतले बारीक फरक तिच्यात नोंदले जातात. उजेड सेन्सरच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. एका फ्लॅटमध्ये पिक्सेलमागे २५,००० इलेक्ट्रॉन जमले तर अनिश्चितता सुमारे ०.६ टक्के, अशा ३० फ्लॅट मिळून ती ०.१२ टक्क्यांच्या आसपास येते. फ्लॅटमधूनही तिच्याच एक्स्पोजरची डार्क वजा व्हायला हवी. ते राहिले तर भागाकारानंतरही कोपरे काळसरच राहतात. उलट कोपरेच उजळले, तर लाइटमधून आधारसंख्या पुरती गेलेली नसते. या दोन खुणा ओळखता आल्या की बराचसा शोध वाचतो.

फ्लॅट त्या रात्रीची असते. कॅमेरा दुर्बिणीत किती फिरवून बसवला आहे, फोकस कुठे आहे, फिल्टर कोणता आहे आणि धूळ कुठे बसली आहे, या चार गोष्टींवर ती अवलंबून असते आणि यातले काहीही बदलले की जुनी फ्लॅट रद्द. धुळीचा कण रात्रींमध्ये सरकला असेल तर जुन्या फ्लॅटने भागल्यावर चित्रात दुहेरी खूण उमटते : नव्या जागी गडद कडे आणि जुन्या जागी, जिथे आता कण नाही, तितकेच उजळ कडे. दोन्ही एकमेकांना खेटून असली तर पत्र्यावर ठोकून उठवलेल्या नक्षीसारखे दिसते. ही खूण दिसली की फ्लॅट चुकीच्या रात्रीची आहे असे खुशाल समजावे.

कण कुठे बसला आहे हेही त्या सावलीवरून काढता येते. सावलीचा व्यास पिक्सेलांत मोजावा, त्याला पिक्सेलच्या आकाराने आणि दुर्बिणीच्या फोकल रेशोने गुणावे; सेन्सरपासून कणाचे अंतर मिळते. ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल आणि एफ/५ ची दुर्बीण असेल तर १०० पिक्सेलांची सावली सुमारे १.९ मिलिमीटरवरची, म्हणजे सेन्सरच्याच काचेवरची. १,००० पिक्सेलांची पसरट सावली सुमारे १९ मिलिमीटरवरची. तिचा उगम बहुधा फिल्टरवर असतो. रात्री निघण्याआधी काय पुसायचे हे यावरून ठरते. मात्र काहीही पुसले की त्या क्षणापासून नवी फ्लॅट लागते.

दुर्बीण कायम बसवलेल्या वेधशाळेत फ्लॅट आठवडाभरही चालू शकते. मुंबई-पुण्याहून अंधाऱ्या जागी जाणारे, किंवा पेंच व्याघ्र प्रकल्पासारख्या, २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले डार्क स्काय पार्क ठरलेल्या ठिकाणी चार रात्री काढणारे, रोज सामान उघडतात आणि पहाटे पुन्हा पेटीत भरतात. त्यांनी फ्लॅट घेतल्याखेरीज कॅमेरा दुर्बिणीतून काढू नये. वस्तू याम्योत्तर वृत्त ओलांडते तेव्हा जर्मन पद्धतीच्या माउंटवर दुर्बीण उलटी फिरवावी लागते आणि चित्र १८० अंशांत फिरते. पण कॅमेरा आणि दुर्बीण यांचे आपापसातले नाते तेच असल्याने त्याला वेगळी फ्लॅट लागत नाही.

रात्रींची नोंद : खगोलीय प्रतिमा फिट्स या स्वरूपात साठवतात आणि एक्स्पोजर, तापमान, गेन, फिल्टर, वेळ ही माहिती फाइलच्या शीर्षात जाते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने भारतातली जवळजवळ अख्खी रात्र एकाच जागतिक तारखेत बसते. तारीख बदलते ती पहाटे ५:३० ला. ही मोठी सोय आहे, कारण स्थानिक तारखेने फाइली लावल्या तर मध्यरात्रीच एका रात्रीचे दोन तुकडे होतात. अडचण येते ती फ्लॅटची. हिवाळ्यात पहाटेची फ्लॅट ६ च्या पुढे घेतली जाते, म्हणजे ती दुसऱ्या तारखेत पडते. तारखेवरून गट पाडणारी आज्ञावली ती पुढच्या रात्रीच्या लाइटना जोडते. म्हणून तारखेच्या भरवशावर न राहता प्रत्येक रात्रीचे वेगळे फोल्डर करून त्याला संध्याकाळच्या तारखेचे नाव द्यावे आणि लाइट व फ्लॅट त्यातच ठेवाव्यात.

आज्ञावल्यांत याची सोय असते. डीपस्कायस्टॅकरमध्ये मुख्य गटातल्या फाइली सर्व गटांना लागू होतात. डार्क तिथे ठेवून प्रत्येक रात्रीच्या लाइट-फ्लॅटना स्वतंत्र गट द्यायचा. पिक्सइनसाइटच्या बॅच प्रक्रियेत फोल्डरच्या नावातल्या खुणेवरून गट पडतात. सिरिलमध्ये प्रत्येक रात्रीचा क्रम वेगळा कॅलिब्रेट करून नंतर सगळे क्रम एकत्र जोडतात. साधने वेगळी असली तरी क्रम एकच : आधी रात्रीपुरते कॅलिब्रेशन, मग सर्व फ्रेम ताऱ्यांवरून एकमेकींवर बसवणे, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एकच सरासरी प्रतिमा, म्हणजे स्टॅक. प्रत्येक रात्रीचा स्टॅक आधी करून मग त्या चार-पाच चित्रांची सरासरी काढणे सोपे वाटते, पण उपग्रहांच्या रेघा आणि विश्वकिरणांचे ठिपके वगळणारी गणिते भरपूर फ्रेम एकत्र असतील तरच नीट चालतात. शक्य तेव्हा हा आडमार्ग टाळावा.

रात्रींमधला फरक : निर्दोष कॅलिब्रेशननंतरही दोन रात्रींच्या फ्रेम सारख्या नसतात. एका रात्री वस्तू डोक्यावर होती, दुसऱ्या रात्री क्षितिजाकडे झुकलेली. एकदा हवा स्वच्छ, एकदा धुरकट. यात दोन वेगळे बदल असतात. आकाशाची उजळी मिसळते ती बेरजेने, हवेमुळे प्रकाश घटतो तो गुणाकाराने, आणि सामान्यीकरणात, म्हणजे सगळ्या फ्रेम एका पातळीवर आणताना, दोन्ही वेगवेगळे दुरुस्त करावे लागतात. शहराच्या उजेडाचा उतार रात्रीनुसार दिशा बदलत असेल तर चित्राच्या भागाभागांत स्थानिक सामान्यीकरण करतात. त्यासाठी सर्वांत स्वच्छ रात्रीची, चंद्र नसलेली फ्रेम संदर्भ म्हणून घ्यावी. सरासरी काढताना बऱ्या रात्रींना जास्त वजन मिळते. मात्र सामान्यीकरण हा कॅलिब्रेशनला पर्याय नाही. चुकीच्या फ्लॅटचे कडे त्याने पुसले जात नाही.

दोन उदाहरणे : हबल दुर्बिणीचे ‘हबल डीप फील्ड’ हे या कामाचे नावाजलेले उदाहरण आहे. १९९५ मध्ये १८ ते २८ डिसेंबर या काळात सप्तर्षीतला एक रिकामा भासणारा तुकडा चार फिल्टरांतून टिपला गेला आणि ३४२ एक्स्पोजर जोडून सुमारे ३,००० दीर्घिका दाखवणारे चित्र तयार झाले. दुर्बीण मुद्दाम थोडी थोडी सरकवली होती, आणि अशा फ्रेम बारीक जाळीवर उतरवून जोडण्यासाठी अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हुक यांनी बनवलेली ‘ड्रिझल’ पद्धत पुढे हौशी आज्ञावल्यांतही रुळली. अवकाशात एक गोष्ट जमिनीच्या उलट असते : किरणोत्साराने नवे हॉट पिक्सेल सतत तयार होत असल्याने तिथे डार्कही ताजी लागते.

दुसरे उदाहरण हौशी निरीक्षकांचे. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हिअर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी यांनी देवयानी दीर्घिकेच्या प्रतिमांत ऑक्सिजनच्या प्रकाशातली सुमारे दीड अंश लांबीची कमान शोधली. त्यामागे अनेक रात्रींचे, शंभराहून अधिक तासांचे एक्स्पोजर होते. २०२३ च्या जानेवारीत हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ग्रिनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या खगोलछायाचित्र स्पर्धेत त्या चित्राला सर्वोच्च मान मिळाला. शतकाहून अधिक काळ ज्या दीर्घिकेचे फोटो निघत आहेत तिच्याशेजारी हे कुणाला दिसले नव्हते, म्हणून ती कमान फ्लॅटमधला उरलेला डाग किंवा फिल्टरचे परावर्तन तर नाही ना, ही शंका आधी फेडणे आवश्यक होते. असा डाग कॅमेऱ्याशी बांधलेला असतो, आकाशाशी नाही. दुसऱ्या उपकरणातून तो त्याच ताऱ्यांवर पडत नाही. इतर ठिकाणच्या वेगळ्या दुर्बिणी आणि वेगळ्या कॅमेऱ्यांतूनही कमान त्याच जागी सापडली.