वाचकाची सोय : ग्रंथसूचीच्या इतिहासातील एक सूत्र

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आपण देणगीदारांचे, कार्यकर्त्यांचे आणि दुर्मिळ ग्रंथांचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. परंतु ग्रंथ आणि वाचक यांची गाठ घालून देणारी ग्रंथसूची मात्र उपेक्षित राहते. ती कोणाच्या सोयीसाठी असावी, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयासाठी अँटोनियो पानिझी यांनी सिद्ध केलेले सूचीचे ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले. नियम काटेकोर होते. तरीही १८४९ मध्ये चौकशी आयोगापुढे थॉमस कार्लाइलसारख्या विद्वानाने तेथील गैरसोयींचा पाढा वाचला. अमेरिकेतील चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये आपले सूचीनियम प्रसिद्ध केले व १९०४ च्या आवृत्तीत वाचकाची सोय सूचीकाराच्या सोयीहून श्रेष्ठ ठरविली. १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राऊन यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिले.

आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणले. संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पोहोचली. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे.

संगणकक्षेत्रालाही पुढे हाच धडा गिरवावा लागला. १९८५ मध्ये जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी तीन तत्त्वे सांगितली : वापरणाऱ्यांचा व त्यांच्या कामाचा आरंभापासून विचार करावा, त्यांना प्रत्यक्ष काम करू देऊन निरीक्षण व मोजमाप करावे आणि दोष आढळताच रचना पुन्हा सुधारावी.

मराठी ग्रंथालयांना या तत्त्वांची विशेष निकड आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर ‘कवि’चा ‘कवी’ झाला. जुन्या मुखपृष्ठांवर मात्र ऱ्हस्व वेलांटीच राहिली. माणसाला हे दोन्ही शब्द एकच वाटतात, यंत्राला ते भिन्न भासतात. एका ग्रंथालयात एक वृद्ध शिक्षक पडद्यावर ‘हरि नारायण आपटे’ असे टंकून थांबलेले मी पाहिले. नोंद ‘हरी’ अशी असल्याने उत्तर आले नाही. “माझंच काही तरी चुकतंय,” असे पुटपुटत ते परतले. पुस्तक कपाटातच होते.

जुन्या कार्डावर ‘अमुक पहा’ अशी एक ओळ असे. ती वाचकाला योग्य कप्प्याकडे नेई. ते सौजन्य नव्या सूचीतही हवे. त्यासाठी मोठा खर्च नको. निरनिराळ्या वयाच्या चार-पाच सभासदांना पडद्यासमोर बसवावे, आपण काही न सुचविता मागे उभे राहावे आणि ते कोठे अडतात ते टिपून घ्यावे. दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या आपल्या संस्थेने नव्या सूचीचा आरंभ या निरीक्षणाने करावा, एवढीच नम्र सूचना.