विमानातील रेडिओ

रेडिओ केवळ ऐकतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नव्हे. एफ. एम. केंद्र लावले की त्याच्या पोटातील आंदोलक बहुधा १०.७ मेगासायकल अधिक कंपनसंख्येच्या क्षीण लहरी सोडतो. त्या १०८ ते ११८ मेगासायकलांच्या पट्ट्यात शिरू शकतात, आणि वैमानिकाला दिशा सांगणारी व्ही. ओ. आर. केंद्रे नेमकी तेथेच बोलतात! धुक्यात उतरताना दिशादर्शक काटा चळला तर?

अमेरिकेने १९६१ साली असे रेडिओ विमानात बंद केले. १९६६ च्या नियमाने, विमान कंपनीने निर्धोक ठरविल्याखेरीज, इतर उपकरणांसही मनाई झाली. श्रवणयंत्राला सूट मिळाली, आणि गंमत म्हणजे विजेच्या वस्तऱ्यालाही. उड्डाण व अवतरणाच्या वेळी लहान उपकरणे वापरण्याची मुभा तेथे २०१३ साली, भारतात २०१४ साली मिळाली. सूचना चालू असता हेडफोन काढावयास सांगतात, ते मात्र त्या कानी पडाव्यात म्हणून.